भिंतीवर मोठा टीव्ही लावताना : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि नवी मुंबईत मी घरांतल्या फिटिंगची कामं करतो. दसरा-दिवाळी जवळ आली की फोनवर तेच ते प्रश्न येतात, आणि त्यातले बहुतेक टीव्हीबद्दल असतात. मी मात्र आधी भिंतीबद्दल विचारतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत जे चालतं ते घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चालत नाही, आणि टॉवरमधली पद्धत खारघरच्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला चालत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

१. टीव्ही युनिटवर ठेवणं सोपं आहे, मग भिंतीला भोकं का पाडायची?

घरात लहान मूल असेल तर भिंतीवरच लावा. टीव्हीबरोबर येणारे दोन पाय अरुंद असतात. मूल युनिटच्या कडेला धरून उभं राहिलं आणि वर हात घातला, तर १५-२० किलोचा टीव्ही पुढे येतो. मूल नसेल आणि युनिट दणकट, खोल असेल, तर युनिटवर ठेवण्यात काही वाईट नाही. तरीही मागून एक पट्टा भिंतीला बांधावा.

२. हॉल १० बाय १५ चा आहे. ५५ इंची घेऊ की ६५?

सोफ्यावर बसून डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. फोर-के टीव्हीसाठी इंचांना १० ने भागा, येतील तेवढे फूट हे कमीत कमी अंतर. म्हणजे ५५ इंचीला साडेपाच फूट आणि ६५ इंचीला साडेसहा फूट. कमाल अंतर ५५ इंचीला साधारण सव्वासात फूट आणि ६५ इंचीला साडेआठ फूट. त्याच्या पुढे बसलात तर फोर-केचे बारकावे तसेही दिसत नाहीत. आपल्याकडे १० फूट रुंदीच्या हॉलमध्ये सोफा टेकवून बसल्यावर सात-आठ फूट उरतात, म्हणून बहुतेक घरांना ६५ इंची बसतो. पण घरात दिवसभर केबलवरची साधी, एचडी नसलेली चॅनेलं लागत असतील तर ५५ च घ्या. मोठ्या पडद्यावर जवळून ती फुटलेली दिसतात.

३. किती उंचीवर लावायचा? शेजाऱ्यांनी बराच वर लावलाय, छान दिसतो.

उभं राहून बघताना छान दिसतो. दोन तास बसून क्रिकेट बघितलं की मान सांगते.

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. पडद्याचा मध्य तिथे असावा, फार तर चार फुटांवर. ५५ इंची टीव्ही साधारण २८ इंच उंच असतो. मध्य ४२ इंचांवर धरला तर खालची कड २८ इंचांवर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या थोडी वर येते. आकडा ऐकून लोकांना हे फार खाली वाटतं. अशा वेळी मी खोक्याचा पुठ्ठा टीव्हीच्या मापात कापून भिंतीला चिकटपट्टीने लावतो आणि घरातल्या सगळ्यांना बसून बघायला सांगतो. आजी खाली बैठकीवर बसत असतील तर त्यांनाही बसवा. एक संध्याकाळ तो पुठ्ठा राहू दे. उंचीवरून होणारे वाद त्यावरच मिटतात.

बेडरूममध्ये आडवं पडून बघायचं असेल तर टीव्ही एक-दीड फूट वर घ्या आणि खाली झुकणारा ब्रॅकेट लावा.

एक चूक फार होते. टीव्हीच्या मागची स्क्रूची भोकं बरोबर मध्यावर असतातच असं नाही, बऱ्याच मॉडेलमध्ये ती खाली सरकलेली असतात. म्हणून टीव्हीच्या वरच्या कडेपासून वरच्या भोकांपर्यंतचं अंतर मोजूनच भिंतीवर खूण करा.

४. आमची भिंत कशाची आहे हे कसं ओळखायचं? बिल्डरला विचारलं तर कोणी नीट सांगत नाही.

एक भोक पाडा आणि भुकटी बघा. टीव्हीच्या मागे झाकल्या जाणाऱ्या जागी ५-६ मिलिमीटरचं बिट लावून, हॅमर (ड्रिलची ठोके मारायची सोय) बंद ठेवून, हळूहळू ड्रिल चालवा. भोकाखाली पांढरा कागद धरा.

पहिला अर्धा-पाऊण इंच काहीही निघालं तरी तो फक्त गिलावा असतो. पांढरी, मैद्यासारखी भुकटी म्हणजे जिप्समचा गिलावा, आणि वाळूसारखी करडी म्हणजे सिमेंटचा. खरी भिंत त्यानंतर सुरू होते.

लाल भुकटी आली तर वीट. ड्रिल एका लयीत पुढे जातं, फार जोर लागत नाही. ठाण्याच्या जुन्या भागात, वाशी-नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या वसाहतींत हीच जास्त सापडते.

बारीक करडी भुकटी आली आणि ड्रिल हॅमरशिवाय पुढे सरकेचना, तर काँक्रीट. तो एकतर कॉलम किंवा बीम असेल, नाहीतर अख्खी भिंतच काँक्रीटची असेल. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अशा घरांना आपल्याकडे मायवान म्हणतात.

आणि फिकट राखाडी, पिठासारखी भुकटी भसाभस पडायला लागली, बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर ती सिपोरेक्स. हिच्या वजनावरूनही कल्पना येते. काँक्रीट एका घनमीटरला साधारण २,४०० किलो भरतं, पक्की वीट १,८०० च्या आसपास आणि सिपोरेक्सचा ब्लॉक ५५० ते ६५०. आत सगळी हवेची बारीक छिद्रं. म्हणूनच टॉवरचं वजन कमी होतं, आणि म्हणूनच स्क्रू धरायला तिथे कमी माल असतो.

बोटाच्या पेराने ठोकून पाहायची युक्ती फक्त एकाच गोष्टीसाठी वापरा. ढबढब असा पोकळ आवाज आला तर समोर जिप्सम बोर्ड आहे (प्रश्न ८ बघा). वीट आणि सिपोरेक्स यांतला फरक ठोकून कळत नाही.

परदेशी व्हिडिओंमध्ये भिंतीतला लाकडी खांब शोधायचं यंत्र दाखवतात. आपल्या भिंतींत तसे खांब नसतात, त्यामुळे ते यंत्र यासाठी घेऊ नका.

५. सिपोरेक्सवर ६५ इंची टिकेल का? लावायला आलेला माणूस म्हणतो, काही होत नाही.

टिकतो, पण नेहमीच्या गिट्टीवर (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती प्लॅस्टिकची नळी) आणि हॅमरने पाडलेल्या भोकात टिकत नाही.

माझ्या मेहुण्याच्या खारघरच्या घरी ५५ इंची टीव्ही लावायला दुकानातून माणूस आला. मी गावी होतो. त्याने विटेला पाडतात तशी हॅमरवर चार भोकं पाडली, छोट्या गिट्ट्या बसवल्या आणि अर्ध्या तासात गेला. काही महिन्यांनी मी तिथे जेवायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘टीव्हीखाली रोज पीठ सांडल्यासारखं काहीतरी पडतं, पुसून कंटाळले.’ युनिटवर खरंच पांढुरकी रेघ होती, थेट ब्रॅकेटच्या खाली. टीव्ही उतरवला तर वरच्या दोन्ही गिट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या बाहेर आल्या होत्या आणि भोकं लंबुळकी झाली होती. त्या रात्री आम्ही टीव्ही पलंगावर उभा टेकवून ठेवला. मुलांची अंथरुणं रोज त्याच टीव्हीखाली घातली जायची.

सिपोरेक्सवर काम असं करा. ड्रिलचा हॅमर बंद. बिट गिट्टीवर सांगितलेल्या मापापेक्षा एक आकडा लहान. गिट्टी सिपोरेक्ससाठीच बनवलेली, नायलॉनची, किमान ८० मिलिमीटर लांब. लोखंडी अँकर बोल्ट इथे अजिबात नको. तो फुगून धरतो आणि फुगताना ब्लॉकच फोडतो. वजन जास्त असेल किंवा ब्रॅकेट पुढे-मागे सरकणारा असेल, तर रेझिन भरून बसवायचा केमिकल अँकर घ्या आणि पाकिटावर दिलेला वेळ पुरा होईपर्यंत त्यावर काही टांगू नका.

मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो तो उपाय सुताराचा आहे. १८ मिलिमीटरचा प्लाय टीव्हीपेक्षा चारी बाजूंनी थोडा लहान कापायचा, भिंतीला आठ-दहा ठिकाणी लांब गिट्ट्यांनी बसवायचा आणि ब्रॅकेट प्लायवर लावायचा. भार चार भोकांऐवजी दहा भोकांवर वाटला जातो आणि टीव्हीमागे प्लाय दिसतही नाही. आतल्या भिंती अनेकदा ४ इंचीच असतात, त्यामुळे ड्रिल किती आत गेलं यावर नजर ठेवा. नाहीतर पलीकडच्या खोलीतला गिलावा उडतो.

६. विटेच्या भिंतीला कोणती गिट्टी, किती खोल?

५५ इंचीपर्यंत १० मिलिमीटर जाडीची, ८० लांबीची नायलॉनची गिट्टी पुरते. गिलाव्याची जाडी सोडून किमान ५० मिलिमीटर भाग विटेत गेला पाहिजे. ब्रॅकेटबरोबर पाकिटात येणाऱ्या पातळ प्लॅस्टिकच्या गिट्ट्या वापरू नका. भोक दोन विटांमधल्या सांध्यात आलं तर तिथली वाळू-सिमेंट भुसभुशीत असते, इंचभर बाजूला सरका.

भोक पाडून झाल्यावर आतली भुकटी काढा. हे जवळपास कोणीच करत नाही. सायकलच्या पंपाने हवा मारा किंवा व्हॅक्यूम लावा. भुकटीत बसवलेली गिट्टी पहिल्या दिवशी घट्ट वाटते, नंतर फिरायला लागते. आणि लाकडी गुटके ठोकायची जुनी पद्धत आता सोडा. आपल्या पावसाळ्यात ते फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात.

७. मायवानची भिंत आहे. ड्रिल आत जातच नाही, मग अचानक अडकतं.

साध्या ड्रिलने तासभर घासत बसू नका, भाड्याने रोटरी हॅमर आणा. अचानक अडकलं आणि चकचकीत लोखंडाचे कण दिसले तर सळई लागली आहे. ती कापायची नाही. एक-दोन इंच बाजूला नवं भोक पाडा. ब्रॅकेटमधल्या लांब खाचा त्यासाठीच असतात.

बाकी ही भिंत टीव्हीसाठी उत्तम. १० ची गिट्टी किंवा ८ चा अँकर बोल्ट लावला की ७५ इंचीही निवांत राहतो. वायरीसाठी मात्र या भिंतीला झिरी मारू नका. इमारतीचा भार तीच पेलते आणि सळई तिच्यात फार खोल नसते.

८. इंटिरियरवाल्याने टीव्हीमागे जिप्सम बोर्ड किंवा फ्लूटेड पॅनल लावलंय. त्यावर लावू?

नुसत्या बोर्डावर नाही. जिप्सम बोर्ड साधारण साडेबारा मिलिमीटर जाड असतो, मागे पातळ पत्र्याचे चॅनेल. बनवतानाच आत १८ चा प्लाय घालून घेतला असेल तर चालतं. प्लाय आहे की नाही हे इंटिरियरवाल्याकडून कामाच्या वेळच्या फोटोवरून पक्कं करा. नसेल तर टीव्हीएवढा भाग उघडून प्लाय घाला. फ्लूटेड पॅनलच्या मागे तर बरेचदा फक्त गोंद असतो. तिथे ब्रॅकेटच्या जागी पॅनल कापून थेट मूळ भिंतीत बोल्ट न्यावा, आणि मधल्या पोकळीत लोखंडी नळीचे तुकडे घालावेत, म्हणजे आवळताना पॅनल दबत नाही. मूळ भिंत कोणती हे प्रश्न ४ प्रमाणे तपासाच.

९. फिक्स, झुकणारा, की हाताने बाहेर ओढता येणारा? कोणता ब्रॅकेट?

समोरून बघत असाल तर फिक्स. टीव्ही थोडा उंच असेल किंवा समोरच्या बाल्कनीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर झुकणारा. बाहेर ओढता येणारा फक्त गरज असेल तरच घ्या, कारण त्याचं गणित वेगळं आहे. समजा टीव्ही २२ किलोचा आहे. भिंतीलगत असताना वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर सात-आठ किलोंचा असतो. हात ५० सेंटिमीटर बाहेर काढला आणि ब्रॅकेटची वरची-खालची भोकं २० सेंटिमीटर अंतरावर असली, तर तोच जोर साधारण ५५ किलो होतो. वीट आणि काँक्रीटला हे झेपतं. सिपोरेक्सवर प्लाय किंवा केमिकल अँकरशिवाय असला ब्रॅकेट मी लावत नाही, मग समोरचा कितीही आग्रह करो.

१०. ब्रॅकेटवर ४००×४०० लिहिलंय. म्हणजे काय?

टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर, मिलिमीटरमध्ये. याला व्हेसाचं माप म्हणतात. तुमच्या टीव्हीचं माप ब्रॅकेटच्या कमाल मापात बसलं पाहिजे. भोकात स्क्रू साधारण एम ६ किंवा एम ८ जाडीचे बसतात, पण लांबी मॅन्युअलमध्ये बघा. लांब स्क्रू आवळला तर आतली पाटी किंवा पॅनल फुटतं. हाताने पाच-सहा आटे सहज फिरले पाहिजेत, मगच पाना लावा.

११. भिंतीतली वायर किंवा पाण्याची पाइप फुटली तर?

कन्सील वायरिंग बहुधा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी जाते. बोर्डाच्या उभ्या-आडव्या रेषेत दोन्ही बाजूंना सहा इंच सोडा. ड्रिल दुसऱ्या खोलीतल्या सर्किटवर लावा आणि या भिंतीचा एमसीबी पाडून ठेवा.

भिंतीपलीकडे बाथरूम किंवा किचन असेल तर आधी पलीकडे जाऊन नळ, शॉवर, गीझर कुठे आहेत ते दाराच्या चौकटीपासून मोजा आणि तेच अंतर अलीकडे मांडा. शॉवरच्या उभ्या रेषेत भोक नको. शक्य असेल तर ती भिंतच टाळा. तरीही पाइप लागलीच, तर धावत जाऊन आधी त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. भोकात कापूस कोंबत बसू नका.

१२. वायरी लोंबकळू नयेत म्हणून काय करू?

वीट असेल तर टीव्हीमागून खाली युनिटपर्यंत दोन पाइप टाका. एक विजेचा, आणि दुसरा ५० मिलिमीटरचा, एचडीएमआय आणि केबलसाठी. एचडीएमआयचं डोकं बारीक पाइपच्या वळणात अडकतं, म्हणून मोठाच घ्या. टीव्हीची पिनवाली वायर तशीच प्लास्टरमध्ये गाडू नका, विजेचा पॉइंट टीव्हीमागेच काढून घ्या. तो पॉइंट ब्रॅकेटच्या मागे येता कामा नये. फिक्स ब्रॅकेटमध्ये इंचभरच जागा उरते आणि पिन बसत नाही. मायवानमध्ये झिरी मारता येत नाही (प्रश्न ७), तिथे भिंतीच्या रंगाची केसिंग पट्टी लावा.

१३. ती भिंत बाहेरची आहे आणि पावसाळ्यात ओल येते.

मग दुसरी भिंत शोधा. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर सडकून आदळतो, तिथे पापुद्रे सुटलेले दिसतातच. दुसरी भिंत नसेलच तर बाहेरून वॉटरप्रूफिंग करून एक पावसाळा जाऊ द्या. नंतर लावताना मागे ३-४ इंच हवेला जागा ठेवा. खाडीजवळ, ऐरोली-कोपरखैरणेकडे, साधे स्क्रू लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या, फरक थोड्याच रुपयांचा आहे.

१४. एसीच्या बरोबर खाली टीव्ही चालेल का?

नाही. ड्रेनची नळी तुंबली की पाणी थेट टीव्हीच्या मागच्या जाळीत जातं.

१५. कंपनीचा माणूस फुकट लावून देतो, मग वेगळा खर्च कशाला?

त्याच्याकडूनच लावून घ्या, पण तो येण्याआधी भिंत ओळखून ठेवा आणि गिट्ट्या तुमच्या आणा. दिवसभरात त्याला बऱ्याच घरी जायचं असतं, पिशवीत एकाच प्रकारच्या गिट्ट्या असतात. लावल्यावर पाणसळ ठेवून बघा. स्पिरिट लेव्हल नसेल तर मोबाइलमधलीही चालते. वॉरंटी कार्ड वाचा, भिंतीवरून पडून फुटलेलं पॅनल सहसा त्यात येत नाही. आणि ७५ इंची मागवण्याआधी सोसायटीच्या लिफ्टचं दार मोजा. खोका आडवा करून नेणं पॅनलला धोक्याचं असतं.

१६. आमचा गणपती टीव्हीखालीच बसतो. समई, धूप यांचं काय?

दीड दिवसाचा असो की दहा दिवसांचा, समईची ज्योत पडद्याच्या खाली येऊ देऊ नका. वर जाणारी धग पॅनलच्या खालच्या कडेला लागते आणि तेलकट काजळी जाळीत बसते. सगळ्यांत चांगलं म्हणजे दोघांनी मिळून टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवावा आणि आतल्या खोलीत उभा टेकवून ठेवावा, झोपवून नाही. भिंतीवरचा ब्रॅकेट मखराच्या पडद्यामागे सहज झाकतो.

१७. टीव्ही सैल होतोय हे आधी कळतं का?

कळतं. खाली भुकटी पडते (प्रश्न ५ मधली रेघ). वरची कड भिंतीपासून लांब जाते. ब्रॅकेटभोवती गिलाव्याला केसासारखी चीर दिसते. वर्षातून दोनदा टीव्हीच्या वर आणि खाली, भिंतीपासूनचं अंतर पट्टीने मोजा आणि फिक्स ब्रॅकेट असेल तर दोन्ही आकडे आधीचेच आहेत ना ते पाहा. वरचा वाढला असेल तर स्क्रू नुसता आवळू नका, त्याने सैल गिट्टी आणखी फिरते. टीव्ही उतरवा, गिट्टी काढा आणि नव्या जागी भोक घ्या.

१८. अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मालक भोकं पाडू देईल का?

आधी विचारा आणि होकार मेसेजवर लेखी घ्या. भिंत सिपोरेक्सची असेल तर मी तुम्हाला जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्या म्हणेन. प्लाय बसवण्याचा खर्च दर घरात पुन्हा करावा लागतो. भिंतीवरच लावला असेल, तर घर सोडताना गिट्टी ओढून काढू नका, गिलाव्याचा पोपडा तिच्याबरोबर येतो. ती हातोडीने दोन-तीन मिलिमीटर आत ठोका, वर पुट्टी दोन थरांत भरा, पहिला थर वाळल्यावर दुसरा. मग पॉलिश पेपर मारून मालकाकडे उरलेला भिंतीचा रंग असेल तर तोच लावा. नव्या डब्यातला रंग जुन्या भिंतीवर वेगळा दिसतो.